दर निवडणुकीनंतर मंडळीत दोन गट पडतात : दोष कुठे शोधायचा, काय बदलायचं

मंडळी म्हणजे इथे एका चर्चचे सभासद. त्यांच्यातल्या भांडणाची लक्षणं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. वार्षिक सभा होते, नवी कमिटी निवडून येते आणि पुढच्या रविवारपासून एक गट डावीकडच्या बाकांवर, दुसरा उजवीकडच्या. उपासना सुटल्यावर एक घोळका फाटकाशी, दुसरा पाळकांच्या (पास्टरांच्या) बंगल्याच्या ओट्यापाशी. सलाम घातला तर समोरचा मोबाईलमध्ये डोकं घालतो. महिला मंडळाची बुधवारची प्रार्थनासभा एकाच वेळी दोन घरांत भरते. व्हॉट्सॲपवर जुन्या ग्रुपच्या शेजारी 'अधिकृत' नावाचा नवा ग्रुप उगवतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर नि द्राक्षरस एकत्र घेण्याच्या विधीच्या, रविवारीच काही कुटुंबं नेमकी गावाला गेलेली असतात. मग उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) येतो, सगळे डोळे पुसतात, पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) पहाटे हात मिळवले जातात आणि आपण म्हणतो, मिटलं बाई एकदाचं. कापणीच्या सणाला पुन्हा तेच.

मी कमिटीत बरीच वर्षं खजिनदारकी केली आहे, त्यामुळे पुढचं सगळं हिशेबाच्या वहीमागे बसून लिहिल्यासारखं वाटेल. त्याला इलाज नाही. आणि हे मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांपुरतं समजा. कॅथलिक पॅरिशची रचना वेगळी, तिथली दुखणीही वेगळी.

आधी काय थांबवायचं

पहिला उपाय सगळीकडे एकच होतो. पाळकसाहेब योहानाच्या शुभवर्तमानातल्या सतराव्या अध्यायावर, म्हणजे येशूच्या 'सर्वांनी एक व्हावं' या प्रार्थनेवर, उपदेश करतात. तेवढ्याने भागलं नाही तर समेटाची सभा बोलावतात, दोन्हीकडच्या ज्येष्ठांना वेदीपुढे उभं करून एकमेकांचे हात हातात देतात, टाळ्या वाजतात, फोटो निघतो. दोनेक आठवडे बरे जातात, नाही असं नाही. पण छत गळतंय आणि आपण दर पावसाळ्यात खाली बादली ठेवतोय, असा हा प्रकार आहे.

अडचण अशी की भांडणाला नेहमी ठोस विषय असतो. हॉलच्या भाड्याचे पैसे कुठल्या खात्यात गेले? मतदार यादीतून माझ्या सुनेचं नाव कसं गळलं? नाताळच्या कार्यक्रमात आमच्या आळीतल्या मुलांना एकही गाणं का नाही? या प्रश्नांची उत्तरं कागदावर देता येतात. त्याऐवजी 'प्रीतीने राहा' असं उत्तर मिळालं की विचारणारा आपोआप भांडखोर ठरतो. तो गप्प बसतो आणि पुढच्या निवडणुकीची वाट बघतो.

बायबलमध्ये करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने पत्रात कसं लिहिलं ते बघा. बातमी ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून कळली, हे उघड सांगितलं. गट नावानिशी मोजले : पौलाचे, अपुल्लोसाचे, केफाचे. पुढे अकराव्या अध्यायात तर थेट पंगतीवर आला, की एक उपाशी राहतो नि दुसरा पिऊन झिंगतो. आपले उपदेश मात्र 'मंडळीतले काही लोक' इथेच अडतात, आणि तेवढं ऐकलं की दोन्हीकडच्या बाकांना वाटतं, हे पलीकडच्यांना चाललंय.

भांडण तारखांवर मांडून बघा

कमिटीचं इतिवृत्ताचं पुस्तक काढा आणि गेल्या चार-पाच वर्षांत ठिणगी कुठल्या महिन्यात पडली ते लिहून काढा. इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असं वाक्य दिसलं की समजायचं, त्या दिवशी जोरदार झालं होतं. बहुतेक मंडळ्यांत ठिकाणं तीच निघतात : वार्षिक सभेच्या आधीचा महिना, कापणीचा सण, नाताळचं बजेट आणि पाळकांची बदली. दरम्यान कमिट्या बदललेल्या असतात, माणसं बदललेली असतात, एखादा म्होरक्या वारलेलाही असतो. वेळा त्याच. म्हणजे माणसांच्या स्वभावापेक्षा कामाच्या पद्धतीत काहीतरी बिघडलेलं आहे. हा कागद कमिटीपुढे ठेवला की 'त्या अमक्यामुळेच सगळं होतं' हे वाक्य निदान जरा हळू आवाजात यायला लागतं.

पैसा

कापणीच्या सणाचा लिलाव आठवा. वेदीपुढे ज्वारीची कणसं, उसाची मोळी, भोपळे, केळीचा घड, पाय बांधलेल्या कोंबड्या, कुणीतरी घरून करून आणलेला केक. उपासना संपली की मांडवात बोली सुरू. एका नारळावर दोन चुलतभाऊ इरेला पेटतात, नारळ अकराशेला जातो, हशा पिकतो. लिहिणारा वहीत नाव टिपतो; पैसे 'देतो की नंतर'. गाठ इथे बसते. नाताळ तोंडावर येतो, उधारी तशीच, मांडववाला पैसे मागतोय. मग कमिटीत कुणाला तरी सुचतं की थकबाकीची यादी रविवारी वाचून दाखवू. भर उपासनेत नाव घेतलं गेलेलं घर ते कधीही विसरत नाही. त्या घरच्या सोयऱ्यांसकट सगळी मतं त्या मिनिटाला फिरतात.

उपाय अगदी साधा आहे. टेबलावर मंडळीच्या बँक खात्याचा क्यूआर कोड लावा. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरचा कोड लावायचा नसतो, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. वस्तू हातात जाताना पावती हातात. ज्याला उशिरा द्यायचे आहेत त्याने स्वतः तारीख लिहून सही करायची. तारीख उलटली तर दोघांनी घरी जाऊन चहा घेता घेता विचारायचं. लिलावाची एकूण रक्कम, त्यात रोख किती, ऑनलाइन किती, येणं किती, हे त्याच संध्याकाळी फळ्यावर लिहायचं. नावं लिहायची नाहीत.

रविवारच्या अर्पणाचंही तसंच. मोजायला दोन वेगळ्या घरांतली माणसं, आणि जमलं तर एक कमिटीच्या विरोधातलं. मोजणी त्याच दिवशी, चर्चमध्येच, नोटा-नाण्यांच्या तपशिलासह, खाली दोघांच्या सह्या. विरोधातला माणूस मोजायला बसवला की त्याच्या गटाला 'आत काहीतरी शिजतंय' असं म्हणणं अवघड जातं. सही त्यांच्याच घरातली असते. खजिनदाराला सुरुवातीला हा अपमान वाटतो. मलाही आवडलं नव्हतं. नंतर कळतं की यात खरं संरक्षण खजिनदाराचंच आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. तुमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून स्वतः नोंदलेली असेल तर तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो वेळेवर दिला नाही की कागदोपत्री जुनी कमिटी, प्रत्यक्षात नवी, आणि बँकेच्या सहीवरून दोघांत रस्सीखेच. कित्येक कोर्टकचेऱ्यांचं मूळ इतकं किरकोळ असतं. जमीन-इमारत वरच्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा नोंद नेमकी कुणाच्या नावे आहे ते आधी बघा आणि मगच 'आमच्या आज्याने बांधलेलं चर्च' हा वाद घाला.

मतदार यादी

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एखादा उमेदवार वीस घरांची थकलेली वर्गणी एकदम भरतो, हा खेळ कुणाला नवा नाही. तो अडवायचा तर वर्गणी भरण्याची शेवटची तारीख सभेच्या दोन महिने आधीची ठेवा आणि कच्ची यादी त्याच दिवशी व्हरांड्यात लावा. हरकती लेखी, उत्तरही लेखी. लग्न होऊन आलेल्या सुना, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेली तरुण मुलं, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला असलेले पण नाव इथेच ठेवलेले, या तीन ठिकाणी यादी नेहमी चुकते. तेवढं आधी तपासा.

मोजणीला शेजारच्या मंडळीचा पाळक किंवा एखादा निवृत्त शिक्षक बोलवा, ज्याची तुमच्याकडे सोयरीक नाही. (असा माणूस शोधणं नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात सोपं नाही, हे मान्य.) आणि मंडळीची घटना, म्हणजे नियमांचं पुस्तक, कपाटातून काढून निदान कमिटीत तरी मोठ्याने वाचा. दोन्ही गट ज्या नियमाच्या नावाने भांडत असतात तो नियम त्यात नसतोच, असंही निघतं.

नवे पाळक

बदली झाली की 'हे कुणाचे' असा प्रश्न पाळकांची ट्रंक उतरायच्या आधीच पडलेला असतो. पहिलं जेवण कुणाकडे झालं यावर मंडळी निकाल देऊन मोकळी होते. स्टेशनवर घ्यायला जो गेला, त्याच्या घरी पाळकसाहेब आणि पाळकीणबाई दोन दिवस जेवले, आणि ते दोन दिवस पुढची पाच वर्षं पुरतात.

म्हणून पहिल्या महिन्याच्या भेटींची यादी कमिटीने आधीच करून ठेवावी, आळीच्या किंवा वस्तीच्या क्रमाने. घरटी चहा आणि प्रार्थना, जेवण कुणाकडेच नाही. त्या महिन्याचा डबा मंडळीच्या खर्चाने. यादी व्हरांड्यात लावली की कुणाला रुसायला जागा राहत नाही. पाळकांनीही तक्रारी ऐकाव्यात, वहीत टिपाव्यात, पण कमिटीत कुणी काय म्हटलं ते कुठल्याही घरी सांगू नये.

जुने फरक, जे नव्या भांडणासारखे दिसतात

कधी कधी वाद आपण समजतो त्याचा नसतोच. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये नगरला. त्याच नगर भागात पुढे अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, एस.पी.जी. मिशननेही काम केलं. मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ च्या सुमारास प्रेस्बिटेरियन मंडळ्यांबरोबर एका संयुक्त चर्चमध्ये आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) झालं. कागदावर आपण तेव्हापासून एक आहोत. सवयी मात्र घरोघर चालत आल्या. एका घराला वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायची सवय. दुसऱ्याला बाकावर बसून, ट्रेमधल्या इवल्या पेल्यातून. सी.एन.आय. मध्ये बालकांचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत, हे कित्येक सभासदांना माहीतच नसतं, आणि मग शेजारच्याने मुलाला तान्हेपणी पाण्यासाठी आणलं नाही म्हणजे तो 'तिकडच्या' पंथाचा झाला, अशी कुजबुज होते. पाळकांनी हा इतिहास नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी सरळ सांगावा. नुसतं सांगितल्यानेही बरंच निवळतं.

गाण्यांचा वाद याच्याच पोटातला. एकीकडे 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक, पेटी-तबला आणि ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांची भजनं, दुसरीकडे कीबोर्ड, ड्रमसेट आणि पडद्यावर दिसणारी हिंदी गाणी. ज्येष्ठ म्हणतात, हा धांगडधिंगा. मुलं म्हणतात, ही अंत्ययात्रा. टिळक (१८६१–१९१९) स्वतः आपल्या काळात नवं आणणाऱ्यांतले होते. परक्या चालींवर बसवलेली भाषांतरं गायली जात असताना त्यांनी देशी वळणाची पदं आणि कीर्तन यांचा आग्रह धरला. आज ज्याला आपण जुनं म्हणून कवटाळतो ते त्यांच्या हयातीत नवंच होतं.

यावर दोन वेगळ्या उपासना सुरू करणं हा सोपा तोडगा वाटतो. माझं मत विचाराल तर शक्यतो करू नका. वर्षभरात दोन उपासनांच्या दोन कमिट्या होतात आणि मग दोन हिशेब. त्यापेक्षा गाण्यांची यादी गुरुवारी ठरू द्या आणि शनिवारच्या सरावाला एका तरी ज्येष्ठाला बोलवा. आमच्याकडचा एक सराव डोळ्यांसमोर आहे. कीबोर्डवरचा मुलगा भजनाचा सूर शोधत होता, मोबाईलवर कॉर्ड बघत होता, चाल काही बसेना. निवृत्त पोस्टमन काका मागच्या बाकावरून उठले, म्हणाले, "काळी दोन धर, आणि घाई करू नको, दुसऱ्या ओळीला थांबायचं असतं." त्यांनी कडवं म्हटलं, मुलाने ते फोनवर रेकॉर्ड केलं. रविवारी ते भजन ड्रमसकट झालं आणि काकांनी आवाजाची तक्रार केली नाही. ड्रम भिंतीपासून सरकवला होता, हेही एक कारण असेल. आवाजाची निम्मी भांडणं स्पीकरच्या जागेची असतात.

जी गोष्ट कुणी बोलत नाही

आडनाव सांगितलं की गाव कळतं, आणि गाव कळलं की पूर्वीची जात. बाप्तिस्म्याला चार पिढ्या होऊन गेल्या तरी सोयरीक जुळवताना ही चौकशी होतेच, आणि निवडणुकीत तर हमखास. 'आमच्यात तसं काही नाही' असं म्हणणाऱ्या मंडळीने एक चाचणी करावी. गेल्या तीन नाताळच्या कार्यक्रमपत्रिका घ्या. शास्त्रपाठ कुणी वाचला, प्रार्थना कुणी केली, पाहुण्यांना शाल कुणी दिली, ती आडनावं एका कागदावर लिहा. दुसऱ्या कागदावर भांडी कुणी घासली, सतरंज्या कुणी झाडल्या, मांडव उतरवताना कोण थांबलं. दोन्ही कागद शेजारी ठेवा. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तू तिथे उभा राहा' म्हणणाऱ्यांना खडसावलं आहे. आपल्याकडे ते बसण्यात दिसत नाही, या दोन कागदांत दिसतं.

इलाज बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, सहाव्या अध्यायात आहे. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी चौकशी समिती नेमली नाही आणि कुरकुर करणाऱ्यांना उपदेशही केला नाही. सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्यांची नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी नावं ग्रीक. तक्रार ज्यांची होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती सगळ्यांचं वाटप दिलं. आपण तक्रार करणाऱ्याला फार तर उपसमितीचा 'सदस्य' करतो आणि किल्ली आपल्याकडेच ठेवतो. हॉलची किल्ली, नाताळच्या जेवणाचं बजेट, गरजूंच्या मदतीचा निधी, यांतली एक तरी खरी गोष्ट हरलेल्या गटाच्या हाती पूर्णपणे द्या, अहवाल घ्यायच्या अटीवर. मी या एका बदलाइतकं काहीच लागू पडलेलं पाहिलेलं नाही. सगळ्यात जास्त विरोधही यालाच होतो, हे सांगून ठेवते.

दोघांचंच असेल तर

दोन माणसांचं वैर गटाचं भांडण करू नका. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम सगळ्यांना पाठ आहे : आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. प्रत्यक्षात आपण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो, आणि आता तर ग्रुपवर. फिलिप्पै शहराच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं बिनसलं होतं. पौलाने दोघींना नाव घेऊन वेगवेगळी विनंती केली, बरोबर कोण हे सांगितलं नाही, आणि तिसऱ्या माणसाला त्यांना साहाय्य करायला सांगितलं. हा तिसरा माणूस महत्त्वाचा. तो पाळक नसला तर बरं, कारण पाळकांना पुढच्या रविवारी दोघांपुढे उभं राहायचं असतं.

जिथे एकीचं नाव काढायचं नाही

काही तक्रारी मिटवायच्या नसतात. पैशांची अफरातफर झाली असेल तर लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्त आणि गरज पडली तर पोलीस. 'भाऊ भावावर फिर्याद करतो' हे करिंथचं वचन अशा वेळी फेकलं जातं, बहुधा ज्याच्याकडे वही आहे त्याच्याकडून. संडे स्कूल किंवा शिबिरात लहान मुलाशी कुणी गैर वागलं असेल तर पोक्सो कायद्याने (२०१२) कळवणं बंधनकारक आहे. कमिटीने आतल्या आत बसून ते 'सोडवणं' हाच गुन्हा ठरू शकतो. या दोन बाबतींत जो ऐक्याची भाषा करेल त्याला सभेत तिथेच थांबवा.

आणि जी कुटुंबं निघूनच गेली, नव्या फेलोशिपमध्ये किंवा दुसऱ्या चर्चमध्ये, त्यांनी सभासदत्वाचं पत्र मागितलं तर आठवड्यात द्या, त्यावर शेरा मारू नका. त्यांच्या लग्नाला, मयतीला जा. वर्गणी थकली किंवा नाव कमी केलं म्हणून कब्रस्तानात जागा अडवायची, हा प्रकार काही ठिकाणी अजून चालतो. प्रेत दारात असताना कमिटीची तातडीची बैठक घेणाऱ्या मंडळीचे दोन तुकडे कायमचे पडतात. तिथे मग पुढचे कुठलेच उपाय लागू पडत नाहीत. तुमच्या नियमांत दफन वर्गणीशी जोडलेलं असेल तर येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ते कलम काढण्याचा ठराव घ्या, निवडणुकीच्या विषयाच्या आधी.